कडेवरचे मूल : कामकरी आयांच्या युक्त्यांचा थोडा इतिहास

वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे विषय सोपविला तो असा : 'लहान मुले असणाऱ्या आणि दिवसभर कामात गुंतलेल्या आयांना उपयोगी पडतील अशा चार युक्त्या लिहा.' विषय ऐकून मला प्रथम हसू आले. जिच्या कडेवर मूल आहे, चुलीवर तवा आहे आणि रानात कापूस फुटला आहे, तिला स्मरणिका वाचावयास वेळ तरी कुठून मिळणार? पण विचार करता करता असे वाटू लागले की, ही अडचण आपली एकटीची नाही आणि आजचीही नाही. आपल्या आयांनी, आज्यांनी, पणज्यांनी यातून काहीतरी वाट काढलीच असेल. ती वाट कोणती, व तिची किंमत कोणी दिली, हे पाहिले तर युक्त्या आपोआप सापडतील. म्हणून हा थोडासा इतिहास.

आरंभ आपल्या गावापासूनच करते. जांबेस येणारा यात्रेकरू राममंदिर पाहतो, समर्थांच्या जन्मस्थानी माथा टेकतो. शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी धाकटा नारायण जन्मला, हे तो ऐकतो. पण नारायणाच्या आईविषयी, राणूबाईंविषयी, फारसे कोणी विचारीत नाही. थोरला गंगाधर व धाकटा नारायण असे तिचे दोन मुलगे. वडील लवकर वारले. धाकटा तर खोडकर, झाडावर चढणारा, सांगितलेले न ऐकणारा, असे परंपरा सांगते. बाराव्या वर्षी तो घर सोडून गेला व पुढे कितीतरी वर्षे आईच्या दृष्टीस पडला नाही. या माउलीने घरचे काम करता करता ही दोन मुले कशी सांभाळली असतील? ते कोठेच लिहून ठेवलेले नाही. आयांच्या कामाचा इतिहास असाच असतो. मुलाचे नाव राहते, आईचा दिवस कसा गेला ते राहत नाही.

परंतु समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात लहान मुलाची स्थिती मोठ्या जाणिवेने सांगितली आहे. मुलाला काय दुखते ते त्याला सांगता येत नाही. आई वरून कुरवाळते, पण आतली पीडा तिला कळत नाही, असा तेथे आशय आहे. तो प्रपंचाचे दुःख सांगण्याच्या ओघात आला आहे हे खरे, पण मला तो वाचताना नेहमी एका थकलेल्या आईचे व रडणाऱ्या मुलाचे चित्र दिसते. आईचे प्रेम कमी नाही. तिला थांबून पाहावयास उसंत नाही, एवढेच.

आता जात्याकडे येऊ. गिरणी येण्यापूर्वी आपल्या भागात पहाटे जाते फिरत असे. मांडीवर मूल, एका हातात खुंटा, आणि तोंडाने ओवी. दळण आणि अंगाई यांची एकच चाल. मूल त्या घरघरीवर झोपी जाई. या ओव्या फुकट गेल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी व त्यांच्याबरोबरच्या खेड्यांतील कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. रानात गेले की लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधावी, येता जाता तिला झोका द्यावा, ही दुसरी युक्ती. मूल पाय टाकू लागले की सुताराकडून पांगुळगाडा करून आणावा, ही तिसरी. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, पोळ्याला उरलेल्या मातीची चूल आणि बोळकी, सागरगोटे, चिंचोके यांना पैसा लागत नसे, आणि मूल तास दीड तास त्यात रमे.

या सगळ्या चांगल्या युक्त्या. पण इतिहास लिहावयाचा तर नुसते गोड सांगून भागत नाही. माझी आजी सांगे की, सुगीच्या दिवसांत मूल झोपून राहावे म्हणून पुष्कळ घरांत त्याला अफूचा कण चाटवीत. ही गोष्ट ती हलक्या आवाजात सांगे. हे फक्त खेड्यातच होते असेही नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या आया सकाळी मुलाला अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या बार्न्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी गिरणीकामगार बायांची चौकशी केली, तेव्हा ही चाल किती पसरलेली आहे ते उघड झाले. मूल रडत नसे, कारण ते गुंगीत असे. भूक लागली तरी त्याला ती सांगता येत नसे. त्या आया वाईट होत्या का? मुळीच नाही. घरी पाहावयास कोणी नाही, भोंगा झाला की फाटक बंद होते, आणि एक दिवस खाडा झाला की मजुरी बुडते, अशा कैचीत त्या सापडल्या होत्या. दोष युक्तीचा खरा, पण तिला ती युक्ती करावयास लावणारे कारण मोठे होते.

हे कारण दूर करावे म्हणून काही कायदे झाले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासाहून अधिक बाया जेथे काम करतात तेथे पाळणाघर पाहिजे अशी तरतूद आली. १९७६ साली तो आकडा तीसवर आणण्यात आला. पण हे झाले कारखान्याचे. शेतात खुरपणाऱ्या बाईला कारखाना नाही आणि फाटकही नाही. तिचे मूल कोणी पाहावयाचे?

याचे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच होते : थोरल्या मुलीने.

ती थोरली मुलगी मी स्वतः होते. माझे माहेर अंबडाकडचे एक लहान गाव. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. विहिरीला पाणी नाही, रानात चारा नाही. गावातील सगळी माणसे दुष्काळी कामावर जात. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जाई. लहानग्यांना सुकडी मिळे, तिची चव मला आजही आठवते. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा. आई सकाळी त्याला माझ्या कडेवर देई व टोपले उचलून चालू लागे. पहिले आठ दिवस मला मोठे झाल्यासारखे वाटले. नवव्या दिवशी शाळेची घंटा ऐकली आणि मला रडू आले. पुढे माझे नाव पटावरून निघाले. कोणी रागावले नाही, कोणी विचारलेही नाही. दोन वर्षे माझी पाटी फळीवर पडून होती.

मग एक नवे गुरुजी आले. ते एकदा आमच्या दारावरून जाताना थांबले आणि म्हणाले, "पोरी, शाळेत का येत नाहीस?" मी कडेवरच्या भावाकडे बोट केले. ते म्हणाले, "मग त्यालाही घेऊन ये. बसेल दारात." दुसऱ्या दिवसापासून माझा भाऊ शाळेच्या उंबऱ्यात चिंचोके मांडीत बसू लागला आणि मी आत बसू लागले. त्या एका वाक्याने माझे शिक्षण पुन्हा सुरू झाले. गुरुजींनी हे फार विचार करून केले असेल असे मला वाटत नाही. पण पुष्कळ वर्षांनी मला कळले की, याच गोष्टीचा फार विचार करून दोन बायांनी आपले आयुष्य घालविले होते. ती हकीकत आता सांगते. त्यासाठी थोडे दूर जाऊन यावे लागेल.

६ जानेवारी १९०७ रोजी इटलीची राजधानी रोम येथे, सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. ते उघडण्याचे निमित्त आपल्याला ओळखीचे वाटेल. त्या चाळींतील आईबाप कामावर जात, लहान मुले मागे एकटी राहत व जिन्याभिंतींची नासधूस करीत. चाळींच्या मालकमंडळींना हे थांबवावयाचे होते. मॉन्टेसरीबाईंनी पाहिले ते असे की, मुलाला हाताजोगे काम दिले तर ते नासधूस करीत नाही. उलट तासन्‌तास एकाग्र होते. पाणी ओतणे, गुंडी लावणे, धान्य निवडणे ही आपल्याला किरकोळ वाटणारी कामे मुलाला मोठी असतात.

हा विचार आपल्या देशात रुजविला तो गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी. ते मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. १९२३ साली त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या पदवीधर होत्या, स्वतः एका मुलीच्या आई होत्या व संसाराचे ओझे एकटीने उचलीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला व १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. तेथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. परदेशी पद्धतीची लाकडी साधने महाग. ती शहरातल्या सुखवस्तू मुलांना मिळतील, खेड्यातल्या मुलांचे काय?

म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताई १९१० साली मोरगाव येथे जन्मल्या. बालपणीच लग्न झाले आणि कळावयाच्या आत वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. या दोघींनी बोर्डीला बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालावयाची, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, गोष्ट सांगावयाची. साधने कोणती? शिंपले, खडे, पाने, फुले, बिया, माती. अंगणात भरणारी म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. भगिनींनो, आपण रोज उच्चारतो तो शब्द असा एका अंगणातून आला आहे.

पुढे हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वारली मुलांत सुरू झाले. तेथे त्यांना दिसले की, थोडी मोठी मुले गुरे राखावयास जातात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात, म्हणून शाळा ओस पडते. यावर त्यांनी दोन उपाय काढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. मुलीने धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, त्या १९७३ साली वारल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, त्या १९९२ साली गेल्या.

विकासवाडीची ही माहिती मी प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले व बराच वेळ अंगणात बसून राहिले. शाळेच्या उंबऱ्यात चिंचोके मांडणारा माझा भाऊ डोळ्यांपुढे आला. माझ्यासारख्या पोरींचा कोणीतरी विचार केला होता, हे मला माहीतच नव्हते.

सरकारनेही पुढे हा मार्ग धरला. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले व त्याच्या साहाय्याने खेड्यांत बालवाड्या निघाल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात तर असे लिहिले गेले की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी. मुलाला सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे खडी फोडणाऱ्या माझ्या आईच्या वेळी कोणी म्हटले असते तर!

आता माझी एक चूक सांगते. ती सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही. लग्न होऊन मी जांबेस आले. मला तीन मुले झाली. थोरली मुलगी आठ वर्षांची असताना एका सुगीत कापूस वेचावयास माणूस मिळेना. धाकटा जेमतेम रांगत होता. मी थोरलीला म्हटले, "बाई, चार दिवस शाळा राहू दे, भावाला पाहा." चार दिवसांचे पंधरा झाले. ती एका शब्दाने बोलली नाही. एका संध्याकाळी रानातून आले तो ती भावाला मांडीवर घेऊन बसली होती व बोटाने मातीत अक्षरे काढून त्याला दाखवीत होती. मला एकदम माझी फळीवरची पाटी दिसली. जे माझ्या वाट्याला आले तेच मी माझ्या लेकीला दिले होते, आणि तेही तिचे दुःख जाणत असताना.

त्या रात्री मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "गल्लीत पाच घरी पाच लेकरं आहेत. रोज एकीनं घरी राहावं, चौघींनी रानात जावं." इतकी साधी गोष्ट, पण आम्हाला कोणालाही सुचली नव्हती. जी घरी राही तिचा वाटा बाकीच्या चौघी भरून देत. थोरली दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. ती सुगी पार पडली, आणि पुढच्या तीन सुग्याही.

चिटणीसबाईंनी मागितलेल्या युक्त्या आता देते. यांतील बहुतेक वर सांगितलेल्या थोरामोठ्यांच्या व आज्यांच्याच आहेत. मी त्या घरी करून पाहिल्या आहेत, एवढेच.

आपण भाकरी करीत असता मुलाला पिठाचा एक गोळा द्यावा. त्याची भाकरी वाकडी होईल, ती तव्यावर टाकून त्यालाच खावयास द्यावी. ज्वारी व तूर मिसळून सुपात द्यावी, निवडून दोन वाट्यांत भरावयास सांगावे. त्याचे कपडे त्याच्या हाताला येईल इतक्या खाली खुंटी ठोकून तीवर ठेवावेत, म्हणजे 'आई, दे' ही हाक कमी होते. एक छोटा तांब्या त्याचा स्वतःचा असावा. तुळशीला पाणी घालण्याचे काम त्याचे. पाणी सांडेल, पुसावयाचे फडकेही त्याच्या हाती द्यावे. गेरू आणि चुना कालवून पडवीची एक हातभर भिंत त्याच्या चित्रांसाठी सोडावी, म्हणजे बाकीच्या भिंती वाचतात. सगळी खेळणी एकदम काढू नयेत. निम्मी बांधून ठेवावीत व पंधरवड्याने बदलावीत. जुनी खेळणी नवी होऊन येतात.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. चिंचोके, बिया, खडे, कच्चे धान्य असे काहीही तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. ते घशात अडकते. आणि फवारणीच्या औषधाचा डबा रिकामा झाला तरी घरात आणू नये, पाण्याचा हौद उघडा ठेवू नये. मूल शांत बसावे म्हणून त्याला गुंगी आणणारे काहीही देऊ नये, हे तर आता सांगावयास नको. पण रडू लागले की हाती मोबाइल देणारी मीही आजी आहे, आणि तो देताना मला माझ्या आजीचा हलका आवाज आठवतो. अफू आणि मोबाइल एक नव्हे. तरी मूल गप्प झाले म्हणजे त्याचे दुखणे गेले असे नव्हे, हे समर्थांनी सांगितलेच आहे.

शेवटी मंडळापुढे एक मागणे. अंगणवाडीत तीन वर्षांवरील मुले काही तास बसतात. त्याहून लहान मूल आणि दुपारनंतरचा वेळ आईच्याच पदरी उरतो, आणि सुगीत तो हळूच थोरल्या मुलीच्या कडेवर जातो. येत्या वेचणीपासून मंडळाने प्रत्येक गल्लीत पाचपाच घरांची पाळी लावावी. वही एक असावी, कोणाची पाळी कधी ते तीत लिहावे, आणि जी घरी राहील तिची मजुरी बाकीच्यांनी बुडू देऊ नये. वही सांभाळण्याचे काम मी करीन. माझे डोळे आता अधू झाले आहेत, पण माझी थोरली लेक सुट्टीत आली की आकडे तपासून देईन म्हणाली आहे. ती आता एका शाळेत शिक्षिका आहे.